कडैमडैची तळी : तंजावर जिल्ह्यातील आगंतुक वनस्पती आणि गावकऱ्यांची राखण

कावेरी नदी तिरुच्चिरापळ्ळीच्या पश्चिमेस मुक्कोम्बू येथे प्रथम दुभंगते. उत्तरेकडचा फाटा कोळ्ळिडम या नावाने समुद्राचा रस्ता धरतो. दक्षिणेकडचा फाटा कावेरी हेच नाव मिरवीत कल्लणै येथील प्राचीन बंधाऱ्यापाशी येतो आणि तेथे त्याच्या पाण्याची पुन्हा वाटणी होते. हा बंधारा करिकाल चोळ राजाने बांधला अशी परंपरा आहे. कल्लणैच्या खाली कावेरी आणि वेण्णारु या शाखांना असंख्य उपशाखा फुटतात व तंजावरचा सुप्रसिद्ध त्रिभुज प्रदेश आकाराला येतो. चोळांनी, नायकांनी आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्यंकोजीराजे भोसल्यांच्या वंशाने ज्या भूमीवर राज्य केले, तिचे सारे वैभव या वाटणीवर उभे होते. बृहदीश्वराच्या शिखराकडे मान उंचावून पाहणाऱ्या मराठी प्रवाशाने कधी तरी गावाबाहेरच्या पाटाकडेही पाहावे. तेथे त्याला या प्रदेशाचा दुसरा, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा, इतिहास दिसेल.

जिल्ह्याचा दक्षिण भाग मात्र या जुन्या त्रिभुज प्रदेशाहून वेगळा आहे. ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या बाजूची जमीन किंचित उंच असल्यामुळे नदीचे पाणी तेथे आपोआप पोचत नसे. तेथील शेती पावसाने भरणाऱ्या तलावांवर चाले. तमिळ भाषेत शेतीच्या मोठ्या तलावाला 'एरी', लहान तळ्याला 'कुळम' आणि पिण्याच्या पाण्याच्या तळ्याला 'ऊरणि' म्हणतात. पाण्यासाठी एवढे नेमके शब्द घडवणारा समाज पाण्याकडे किती बारकाईने पाहत असेल हे सांगावयास नको. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि त्याच योजनेचा भाग म्हणून कल्लणैपासून एक नवा कालवा या उंच भागात आणण्यात आला. लोक त्याला 'पुदु आरु', म्हणजे नवी नदी, म्हणू लागले. या भागातील अनेक जुने तलाव नव्या कालव्याच्या वाटांना जोडले गेले आणि पावसाबरोबर कावेरीचे पाणीही त्यांत येऊ लागले.

कालव्याच्या टोकाला जी मोरी असते तिला 'कडैमडै' म्हणतात. 'कडै' म्हणजे शेवटची, 'मडै' म्हणजे मोरी. वरच्या अंगाची शिवारे भिजून जे पाणी उरेल ते कडैमडैच्या रयतेचे. मधल्या वीस-पंचवीस कोसांत कोठेही पाट तुंबला, कोठेही पाण्याचा वेग मंदावला, तर पहिली झळ या शेवटच्या शेतकऱ्याला बसते. तळ्यांमध्ये आणि पाटांमध्ये माजलेल्या आगंतुक वनस्पतींचा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञाला एक दिसतो आणि कडैमडैच्या शेतकऱ्याला दुसरा. शास्त्रज्ञ तेथे परक्या जातीचा प्रसार पाहतो. शेतकऱ्याला आपले पीक वाळताना दिसते. प्रस्तुत प्रकरणात आपण या दुसऱ्या बाजूने प्रश्नाकडे पाहणार आहोत.

तीन पाहुण्या

येथील तळ्यांना मुख्यतः तीन वनस्पतींनी ग्रासले आहे. तिन्ही अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातून आलेल्या आहेत, आणि तिन्ही महाराष्ट्रातील वाचकाच्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

पहिली जलपर्णी. तमिळमध्ये हिला 'आगायत् तामरै', म्हणजे आकाशकमळ, असे काव्यमय नाव मिळाले आहे. मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ही वनस्पती तिच्या जांभळट फुलांसाठी बागांतील हौदांत लावली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. तेथे तिने जो हाहाकार माजवला त्याची कल्पना यावरून येईल की, १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत प्रमुख पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यांत तिच्या निर्मूलनाचे अभिवचन दिले. एका पाणवनस्पतीला निवडणुकीचा विषय होण्याचा मान क्वचितच मिळाला असेल.

दुसरी बेशरम. हिचे शास्त्रीय कूळ रताळ्याचे, परंतु गुण सारे विपरीत. तमिळ लोक हिला 'नेय्वेली काट्टामणक्कु', म्हणजे नेय्वेलीचा रानएरंड, म्हणतात. मराठीने मात्र एका शब्दात तिचा स्वभाव सांगून टाकला आहे. तोडली तरी फुटते, जाळली तरी बुडख्यापासून वर येते, पाण्यात पडलेल्या कांडीला मुळे धरतात आणि प्रवाहाबरोबर ती पुढच्या गावी जाऊन रुजते. पानांत विषारी द्रव्य असल्यामुळे गुरे सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. तळ्याच्या काठापेक्षा पाटाच्या कडा तिला अधिक मानवतात. दोन्ही कडांवरून ती आत झुकते, तिच्या काड्यांत गाळ आणि कचरा अडकतो आणि दहा हात रुंदीचा पाट पाहता पाहता चार हातांचा होतो.

तिसरी वेडी बाभूळ, जिला आपल्याकडे विलायती बाभूळ असेही म्हणतात. तमिळ नाव 'शीमै करुवेलम'. 'शीमै' म्हणजे विलायत, 'करुवेलम' म्हणजे बाभूळ. शेकडो कोसांवरील दोन भाषांनी एकाच झाडाला एकच नाव द्यावे हा योगायोग गमतीचा आहे खरा. हिचे बी मद्रास इलाख्यातील वनाधिकारी कर्नल बेडोम यांच्या प्रयत्नाने आले आणि १८७७ साली कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे लावण्यात आले. हेतू चांगला होता. उजाड माळावर जळण मिळावे एवढीच अपेक्षा होती. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. बिया लेंड्यांतून बाहेर पडतात आणि पोटातून जाऊन आल्यामुळे अधिकच लवकर रुजतात. एखादे तळे चार-पाच वर्षे पूर्ण भरले नाही की त्याच्या कोरड्या तळात हिचे रान उभे राहते.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. भरलेल्या, वाहत्या, रोज वापरातल्या तळ्यात वेड्या बाभळीला जागा नसते. पाट वर्षातून एकदा खरवडला जात असेल तर बेशरमीचे बेट जमत नाही. खतांचे आणि सांडपाण्याचे नत्र व स्फुरद पाण्यात उतरले नसते तर जलपर्णीला असा पोसवा मिळाला नसता. मनुष्याने तळ्यावरचा हात आधी काढून घेतला. या वनस्पती मागाहून आल्या. म्हणून केवळ त्यांना उपटणे म्हणजे तळे राखणे नव्हे.

उपटण्याचे गणित

तरीही उपटावे हे लागतेच, आणि त्याचे गणित प्रत्येक स्वयंसेवकाने आधी मांडून पाहिले पाहिजे. दाट वाढलेल्या जलपर्णीचे ओले वजन हेक्टरी २०० ते ४०० टन भरते. मध्यम आकडा धरून एका एकरावर १०० टन समजू. यात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, पण ओढणाऱ्याच्या खांद्यावर ते पाणीही येते. समजा, रविवारी सकाळी १०० तरुण तळ्यात उतरले आणि प्रत्येकाने दुपारपर्यंत ३०० किलो जलपर्णी काठावर आणली. एकूण ३० टन झाले. म्हणजे एकराचा तिसरा हिस्साही मोकळा झाला नाही. शंभर माणसांच्या एका दिवसाच्या मेहनतीचे हे फळ आहे.

आता दुसरी बाजू पाहू. अनुकूल हवेत ही वनस्पती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, मोठ्या नेटाने तळ्याचे नऊ दशांश पाणी मोकळे केले आणि एक दशांश जलपर्णी 'पुढच्या रविवारी काढू' म्हणून राहिली. दोन आठवड्यांनी ती दोन दशांश होईल, चार आठवड्यांनी चार दशांश, सहा आठवड्यांनी आठ दशांश. आणि सातव्या आठवड्यात तळे पूर्ववत झाकले जाईल. उद्घाटनाच्या दिवशी घेतलेले छायाचित्र गावच्या पंचायतीत चौकटीत बसवून होईपर्यंत तळे पुन्हा हिरवे झालेले असते. एकदिवसीय मोहिमांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही ते याच कारणाने. उत्साह खोटा असतो असे नाही. परंतु तो चक्रवाढ व्याजाशी झुंजत असतो, आणि अशा झुंजीत हप्ता चुकवून चालत नाही.

याशिवाय जलपर्णीचे बी असते. ते तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. पाणी ओसरले, ओला गाळ उघडा पडला, त्यावर ऊन पडले की त्याला अंकुर फुटतो. म्हणून तळे एकदा पूर्ण स्वच्छ केल्यानंतरही काही वर्षे कोणी तरी काठाने फिरून बोटाएवढी रोपे उपटीत राहिले पाहिजे. हे काम सोपे आहे, लहान मुलेही करू शकतात. मात्र त्यासाठी कोणी बँडबाजा लावत नाही, आणि म्हणूनच ते राहून जाते.

काढलेली जलपर्णी कोठे टाकावी हाही प्रश्न किरकोळ नाही. ती पाळीच्या आतल्या उतारावर टाकली तर पाणी चढताच परत तरंगू लागते. पाळीच्या बाहेर, पाण्याच्या वाटेपासून दूर ढीग घालून कुजवली तर चांगले खत होते. बेशरमीच्या बाबतीत तर याहून काटेकोर राहावे लागते. तिची एकही ओली कांडी पाटात पडू देता कामा नये. मुळासकट खणून, उन्हात पूर्ण वाळवून मगच तिची विल्हेवाट लावावी.

कुडिमरामत्तु

मग पूर्वी हे कोण करीत होते? उत्तर तमिळ भाषेतील एका शब्दात आहे : कुडिमरामत्तु. यातील 'कुडि' म्हणजे गावचा रहिवासी, रयत. आणि 'मरामत्तु' म्हणजे आपली मरामत. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषांच्या दप्तरांत स्थिरावला. कुडिमरामत्तु म्हणजे रयतेने केलेली मरामत. तळ्याच्या पाळीवरील घळी बुजवणे, झुडपे तोडणे, पाटातील गाळ व गवत काढणे ही कामे पाणी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे देऊन करावयाची, असा रिवाज होता. मोठी कामे, जसे धरण, मोरीचे दगडी बांधकाम, सांडवा, ही सरकारची. गावोगाव मोऱ्या उघडण्या-मिटण्यासाठी 'नीर्कट्टी' नेमलेला असे. धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीत पाटकरी जे काम करी, जवळजवळ तेच याचे. त्याहीपूर्वी, दहाव्या शतकात, कांचीपुरमजवळील उत्तरमेरूरच्या शिलालेखात ग्रामसभेच्या इतर समित्यांबरोबर 'एरि वारियम' म्हणजे तलाव-समितीचा उल्लेख सापडतो.

या रिवाजाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. त्यात श्रमदान होते तशी सक्तीही होती. आणि गावच्या उतरंडीत जो तळाशी त्याच्याच पाठीवर मातीची पाटी अधिक चढे. तंजावरच्या मिरासदारी गावांत जमिनीचा धनी एक आणि चिखलात उतरणारा दुसरा, हे दृश्य सर्वसाधारण होते. इंग्रज सरकारने १८५८ साली सक्तीच्या श्रमाचा कायदा करून या रिवाजाला दंडाचे बळ दिले : जो आपला वाटा करणार नाही त्याने त्या श्रमाच्या दुप्पट किंमत भरावी. परंतु कायदा झाला म्हणून रिवाज टिकला नाही. तलावांची मालकी आणि कारभार सरकारी खात्यांकडे गेला. पुढे विहिरी आणि पंप आले. ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी, तो पाटाकडे फिरकेनासा झाला. तळे सर्वांचे होते ते सरकारचे झाले, आणि सरकारचे ते कोणाचेच नाही, अशी रयतेची समजूत झाली. वेड्या बाभळीला याहून चांगले आमंत्रण कोणते हवे?

२०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु याच नावाची योजना सुरू केली. खर्चाचा दहावा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनी पैशाच्या, श्रमांच्या किंवा साहित्याच्या रूपाने द्यावा, उरलेला सरकारने, अशी तिची रचना होती. कल्पना योग्यच होती. परंतु अनेक ठिकाणी अशी तक्रार झाली की, रयतेच्या संघाच्या नावाखाली काम प्रत्यक्षात कंत्राटदारानेच केले. नाव जुने परत आणता येते. नात्याचे तसे नसते.

वादळानंतर

२०१८ हे वर्ष या भागाला दोनदा स्मरणात राहिले. त्या वर्षी कर्नाटकात भरपूर पाऊस झाला, मेट्टूरचे धरण काठोकाठ भरले आणि कावेरीला एवढा लोंढा आला की ऑगस्टच्या २२ तारखेला मुक्कोम्बू येथील कोळ्ळिडमच्या जुन्या बंधाऱ्याची काही दारे कोसळली. पाणी कोळ्ळिडममधून समुद्राला मिळत होते, आणि त्याच वेळी कडैमडैची अनेक तळी कोरडी होती. अवर्षणात तळे कोरडे पडले तर शेतकरी आभाळाकडे पाहतो. नदीला पूर असताना तळे कोरडे राहिले तर त्याला पाटाकडे पाहावे लागते.

त्यानंतर तीन महिन्यांनी, १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागातील नारळाच्या बागा एका रात्रीत भुईसपाट झाल्या. नारळाचे झाड फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोपर्यंत त्या कुटुंबांनी काय खावे? वादळानंतरच्या मदतकार्यासाठी गावोगावचे तरुण एकत्र आले; काही नोकरीनिमित्त परदेशी गेलेले परतले होते. धान्य आणि ताडपत्र्या वाटून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, ज्याच्या बागा गेल्या त्याला पुन्हा शेतीवर उभे राहावयाचे तर पाणी हवे, आणि पाणी हवे तर तळी हवीत. यातून पेरावूरणी येथे एक संघटना उभी राहिली. तिच्या नावातच 'कडैमडै' हा शब्द आहे : कडैमडै भागातील शेतकऱ्यांचा एकात्मिक संघ. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'कैफा' म्हणतात.

कैफाने प्रथम हाती घेतले ते पेरावूरणीचे पेरियकुळम, म्हणजे थोरले तळे. नावाला साजेसे ते ५००हून अधिक एकरांवर पसरलेले आहे. २०१९ मध्ये लोकवर्गणी आणि लोकांचे श्रम यांच्या बळावर तेथे काम झाले. झुडुपांचे रान काढणे, गाळ उपसणे, त्याच गाळाने पाळ भक्कम करणे, आणि पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या करणे असे त्याचे स्वरूप होते. पुढे संघटनेने अन्य गावांतील व जिल्ह्यांतील तळी हाती घेतली.

या कामाचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. हौशी माणूस तळ्यापासून सुरुवात करतो, कारण तळे डोळ्यांत भरते. अनुभवी माणूस तळ्याच्या वर चालत जातो. पाणी आणणारा पाट तुंबलेला असेल तर स्वच्छ केलेले तळे रिकामेच राहील. आणि रिकाम्या तळ्यात दोन-तीन वर्षांत वेडी बाभूळ परत येईल. सांडव्यातून खाली जाणारी वाट तुंबलेली असेल तर खालच्या गावाचे तळे रिकामे राहील. या प्रदेशातील तळी माळेतील मण्यांसारखी एकमेकांना जोडलेली असतात. वरचे भरून सांडले की खालचे भरू लागते. तेव्हा राखणीचा घटक एक तळे नव्हे. माळ हाच तो घटक होय. येथेच गावकीची खरी कसोटी लागते, कारण वरच्या गावाला खालच्या गावासाठी आपला पाट साफ करण्यात प्रत्यक्ष लाभ काहीच नसतो. अशा वेळी वरच्या गावाचे मन वळवण्याचे काम यंत्राने होत नाही.

यंत्राविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ५०० एकरांचे तळे केवळ फावड्यांनी उपसता येणार नाही. माती खोदणारे यंत्र लागतेच. परंतु यंत्राला तळे आणि खड्डा यांतील भेद कळत नाही. जुन्या तळ्याच्या तळाशी चिकणमातीचा जो थर बसलेला असतो त्याने पाणी धरून ठेवलेले असते. तो खरवडला गेला तर तळे गळू लागते. काठावरचे पाणकणीस, लव्हाळे, कमळ, आंबल ही मंडळी आगंतुक नव्हेत. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पाणकोंबड्या घरटी करतात. वेड्या बाभळीबरोबर यांचाही सफाया झाला तर मोकळ्या जागेत पुन्हा जलपर्णीच सर्वांत आधी येते. यंत्र चालवणाऱ्याच्या शेजारी गावचा एक जाणता माणूस उभा असावा, हा साधा नियम पुष्कळ नुकसान वाचवतो.

वेड्या बाभळीचा वाद

वेड्या बाभळीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०१७ च्या आरंभी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तिच्या निर्मूलनासाठी कडक आदेश दिले आणि राज्यात एकच धांदल उडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कामाला अंतरिम स्थगिती मिळाली. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने आगंतुक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. झाड घातक आहे हे बहुतेकांना मान्य होते. मग वाद कशाचा होता? रामनाथपुरम, विरुदुनगर, शिवगंगै या कोरड्या जिल्ह्यांत हजारो गरीब कुटुंबे याच झाडाचा कोळसा पाडून पोट भरतात. ज्या झाडाने तळे खाल्ले त्यानेच चूल पेटती ठेवली. सरसकट तोडीचा हुकूम काढणाऱ्याला ही चूल दिसत नाही. आमच्या मते, तळ्याच्या पोटातून आणि पाटाच्या कडेवरून झाड मुळासकट जावे, त्याचे सरपण ज्यांना त्याची गरज आहे त्यांना मिळावे, आणि माळावरच्या झाडांचा विचार सावकाश व्हावा, हीच वाट व्यवहार्य आहे. मुळासकट म्हणण्याचे कारण असे की, जमिनीलगत तोडलेल्या खोडाला दुसऱ्या पावसात पाच-सहा फांद्या फुटतात आणि पूर्वीपेक्षा दाट झुडूप तयार होते.

किडे हे काम करू शकणार नाहीत का, असे वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे, कारण दक्षिण भारताला त्याचा उत्तम अनुभव आहे. फड्या निवडुंगाने व्यापलेली विस्तीर्ण जमीन १९२६ साली सिंहलद्वीपातून आणलेल्या एका कोचिनील किड्याने थोड्याच वर्षांत मोकळी केली. जलपर्णीवर उपजीविका करणारे दोन जातींचे भुंगेरे १९८० नंतरच्या काही वर्षांत बंगळूरला आणून तेथील तळ्यांत सोडण्यात आले आणि बारमाही पाण्यात त्यांनी चांगले काम केले. परंतु तंजावरच्या दक्षिणेकडील तळी उन्हाळ्यात आटतात. पाणी आटले की जलपर्णी वाळते आणि तिच्यावर जगणारा भुंगेराही मरतो. बी मात्र चिखलात सुखरूप राहते. पुढच्या वर्षी जलपर्णी उगवते तेव्हा तिचा शत्रू तेथे नसतो. म्हणून येथे किड्यांवर विसंबून राहता येत नाही. माणसाचे हात लागतात.

माशांतही आगंतुक आहेत. १९५२ साली मंडपम येथे आणलेला तिलापिया आज दक्षिणेतील बहुतेक तळ्यांत आहे. तमिळ लोक त्याला 'जिलेबी' म्हणतात, उजनीच्या काठी त्याचाच 'चिलापी' झाला. तो स्थानिक माशांना हटवतो, परंतु गरिबाच्या ताटात तोच पडतो. त्याला तळ्यातून काढण्याचा उपाय अद्याप कोणाला साधलेला नाही.

भंडारा-गोंदियाचा धडा

तंजावरच्या कामात एक दुवा अजून कच्चा आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याच राज्यात यावे लागेल. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले हजारो तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. १९५० नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पुढची कथा तंजावरसारखीच झाली : गाळ, अतिक्रमण, बेशरम. तेथे अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवर समाजाच्या मासेमारांनी, आणि पुढे त्यांतील स्त्रियांनी, स्थानिक अभ्यासकांच्या साहाय्याने काही तलावांतून बेशरम उपटून काढली. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. उन्हाळ्यात तलावाच्या तळाचा काही भाग नांगरून त्यांनी पाण्यात बुडून व तरंगत वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते आणि कोणती पक्ष्याला, हे ज्ञान धीवरांजवळ पिढ्यान् पिढ्या होते. कोणी विचारले नव्हते एवढेच. जागा भरली गेल्यामुळे आगंतुकाला परतणे अवघड झाले, आणि हळूहळू स्थानिक मासे व पाणपक्षी परत दिसू लागले.

येथे राखणदार कोण हा प्रश्नच पडत नाही. मासेमार रोज पाण्यात उतरतो. बेशरमीचा एक कोंब दिसला तर तो त्याच्या जाळ्यात अडकण्यापूर्वी उपटणे हे त्याच्या हिताचे असते. पेरावूरणीच्या तरुणांनी वर्गणीतून जे उभे केले ते अतुलनीय आहे. पण वर्गणी देणारा चेन्नईत किंवा दुबईत असतो, आणि कोंब जुलैतल्या एखाद्या मंगळवारी फुटतो. त्या मंगळवारी पाळीवरून कोण चालत असेल? जेथे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी वा मासेमारीचा मक्ता घेणाऱ्यांनी आठवड्याची पाळी लावून घेतली तेथे स्वच्छ केलेले तळे टिकण्याची आशा असते. जेथे पाळी लागली नाही तेथे दुसऱ्या मोहिमेची वेळ येते.

कामाचे वेळापत्रक निसर्गानेच आखून दिले आहे. या भागात मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. सांबा भाताची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते, त्यानंतर शेतात हात रिकामे असतात. मार्चपासून तळ्याचे पाणी मागे हटू लागते. जलपर्णीचे तांडे काठाच्या चिखलात टेकतात आणि तरंगत्या स्थितीत जे काम चार माणसांचे ते आता दोघांत होते. एप्रिल आणि मे हे बेशरम व वेडी बाभूळ खणून काढण्याचे महिने, कारण जमीन कोरडी असते आणि वाळत घातलेली कांडी पुन्हा मूळ धरीत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा पिकून शेळ्यांच्या तोंडी जाण्याआधी जेवढी झाडे निघतील तेवढी काढावीत. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. धरणात साठा कमी असला तर ती पुढे जाते. परंतु पाट साफ करणाऱ्याने ती पुढे जाईल असे कधीही धरू नये. कल्लणैला पाणी येऊन कालव्याचे दार उचलले गेले की कडैमडैपर्यंत पोचण्यास त्याला आणखी काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत शेवटचा पाट, सर्वांत खालच्या मोरीपासून वर चालत, एकदा पायांखाली घालावा.